गावातला जलतरण क्लब वाढवताना: आधी प्रशिक्षक, मग मुले

लहान गावातल्या जलतरण क्लबाला मुलांची वानवा सहसा भासत नाही. सुट्ट्या लागल्या की नावे नोंदवायला रीघ लागते, पालक ओळखीपाळखी काढतात आणि समितीला वाटू लागते की यंदा क्लब दुप्पट करता येईल. मग एकाच प्रशिक्षकाच्या गळ्यात तीस-पस्तीस मुले पडतात, पोहता येणारी मुले कंटाळून यायची थांबतात, न येणारी उथळ भागात नुसती उभी राहतात आणि शेवटी तो प्रशिक्षकच दमून अंग काढून घेतो. अशा क्लबांची वाढ बहुतेक वेळा प्रशिक्षित माणसांअभावी खुंटते. पाणी आणि पैसा यांचा क्रमांक त्यानंतर लागतो. म्हणून या लेखातली सगळी आखणी उलट्या बाजूने केली आहे. किती मुले घ्यायची हे हाताशी असलेल्या प्रशिक्षकांवरून ठरवायचे आणि क्लबाची पहिली मेहनत स्वयंसेवक घडवण्यावर खर्च करायची.

या कामाचे मोल पदकांपुरते नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांतली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. शाळकरी वयाच्या, म्हणजे सहा वर्षांपुढच्या मुलांना पोहण्याची मूलभूत कौशल्ये, पाण्याजवळची सावधगिरी आणि सुरक्षित बचाव शिकवावा, ही त्याच संघटनेची शिफारस आहे. नदी, तळे किंवा जलाशय हाकेच्या अंतरावर असलेल्या गावात क्लब हे शिक्षण देऊ शकला, तर एकही मूल जिल्हा स्पर्धेत उतरले नाही तरी त्याचे काम वाया गेलेले नसते.

पहिली पायरी: माणसांचा हिशेब

नोंदणी उघडण्यापूर्वी कागदावर एक साधा हिशेब मांडावा. पाण्याची भीती असलेल्या किंवा अजिबात न पोहणाऱ्या मुलांसाठी प्रत्येकी चार ते पाच मुलांमागे एक प्रशिक्षक, तोही पाण्यात उतरलेला, असावा. पंचवीस मीटर अंतर न थांबता पोहणाऱ्या मुलांसाठी आठ-दहांमागे एक पुरतो, तर नियमित सराव करणाऱ्या मोठ्या मुलांसाठी बारा-पंधरांमागे एक चालतो. हे प्रमाण माझ्या अंदाजाने दिलेले आहे. आपल्या भागातला नियम किंवा तलावाची अट याहून कडक असेल तर तीच पाळावी.

समजा चाळीस मुले घ्यायची आहेत: दहा नवशिकी, अठरा मधल्या टप्प्यावरची आणि बारा सराव करणारी. नवशिक्यांसाठी दोन, मधल्यांसाठी दोन आणि मोठ्यांसाठी एक, असे पाच प्रशिक्षक लागतील. शिवाय शिकवण्याचे कोणतेही काम नसलेला एक जीवरक्षक आणि हजेरी, पालक व दाराकडचा राबता सांभाळणारा एक जण हवा. म्हणजे प्रत्येक सत्राला सात माणसे. स्वयंसेवकांना घर असते, नोकरी असते, घरात आजारपण असते; त्यामुळे निम्मी माणसे वरकड धरून यादीवर दहा-अकरा नावे हवीत. यादीवर सहाच नावे असतील तर चाळीस मुलांचा क्लब तूर्त काढू नये. वीस मुले घ्यावीत आणि उरलेल्यांची नावे प्रतीक्षा यादीत ठेवून त्यांच्या पालकांना स्पष्ट सांगावे की नवा प्रशिक्षक तयार झाला की पाच जागा उघडतील. हे सांगितल्यावर त्याच पालकांपैकी एखादा स्वतःच विचारतो, “मग मी काय करू शकतो?” आणि स्वयंसेवक मिळवण्याची याहून सोपी वाट मला ठाऊक नाही.

दुसरी पायरी: पाणी आणि वेळ

तलाव शाळेचा, पालिकेचा किंवा खासगी असो, त्याच्याशी लेखी करार असावा. कोणत्या दिवशी कोणत्या लेन मिळतील, पाणी तपासण्याची जबाबदारी कोणाची, जीवरक्षक कोण देणार, अपघात विमा कोणाचा आणि तलाव अचानक बंद राहिला तर कळवणार कोण, एवढे मुद्दे त्यात आले तरी पुरे.

पाण्याबाबत प्रत्येक स्वयंसेवकाला तीन गोष्टी पाठ असाव्यात. काठावर उभे राहून सर्वांत खोल भागाचा तळ स्वच्छ दिसत नसेल तर त्या दिवशी कोणीही पाण्यात उतरणार नाही, कारण गढूळ पाण्यात तळाशी गेलेले मूल दिसत नाही. क्लोरीन वापरणाऱ्या तलावात पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते दाखवणारा आकडा, साधारण ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावा आणि मोकळ्या, म्हणजे जंतू मारायला अजून शिल्लक असलेल्या, क्लोरीनची नोंद रोज झालेली असावी. पीएच वर गेला की तेवढ्याच क्लोरीनचा जंतूंवरचा प्रभाव घटतो. आणि जुलाब होत असलेल्या मुलाला, ते कितीही हट्ट करो, पाण्यात घेऊ नये, कारण जुलाबाचे काही परजीवी क्लोरीनच्या पाण्यातही अनेक दिवस तग धरतात.

तलाव हंगामी असेल तर बंद महिन्यांत क्लब झोपू देऊ नये. आठवड्यातून एकदा एखाद्या सभागृहात जमून अंग ताठ लांबवण्याचा सराव, पोट-पाठीचे व्यायाम, प्रथमोपचार आणि स्पर्धेचे नियम घेता येतात. स्वयंसेवकांचे प्रशिक्षण उरकायला हाच काळ सर्वांत सोयीचा.

तिसरी पायरी: स्वयंसेवक शोधणे

पूर्वी स्पर्धा गाजवलेली माणसेच शोधत बसू नये. उत्तम पोहणाऱ्याला पुष्कळदा आपण श्वास कसा घेतो हेच सांगता येत नाही, कारण ती गोष्ट त्याच्या अंगवळणी पडून युगे लोटलेली असतात. धीर असलेली, मुलांशी नीट बोलणारी आणि वेळ पाळणारी व्यक्ती, जिला स्वतः बऱ्यापैकी पोहता येते, ती एका हंगामात चांगली सहायक प्रशिक्षक होते. निवृत्त शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी, आरोग्य सेवेतली माणसे, आणि स्वतःचे मूल क्लबात असल्यामुळे तसेही काठावर तासभर बसणारे आई-वडील, असे चार प्रकारचे लोक आधी डोळ्यांपुढे आणावेत. महिला प्रशिक्षक असणे ही शोभेची बाब नाही. वयात येणाऱ्या मुली क्लबात टिकतात की नाही हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

विचारताना “क्लबाला मदत करा” असे मोघम विचारले तर सगळे माना डोलावतात आणि कोणी येत नाही. “मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच ते सात, दहा आठवडे, नवशिक्यांच्या गटात दुसरा माणूस म्हणून” असे नेमके काम समोर ठेवले तर होकार किंवा नकार तरी मिळतो. ज्याला पोहता येत नाही त्यालाही काम आहे: हजेरी, वेळ नोंदवणे, हिशेब, पालकांना निरोप. फक्त त्याला मुलांच्या गटाची जबाबदारी देऊ नये.

कोणालाही मुलांसोबत उभे करण्यापूर्वी समितीच्या दोन सदस्यांनी त्याच्याशी बसून बोलावे, दोन ओळखीच्या व्यक्तींकडे चौकशी करावी आणि आपल्या देशात मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठी पोलीस पडताळणी किंवा तत्सम तपासणीची जी सोय असेल ती पूर्ण करावी. लहान गावात सगळे एकमेकांना ओळखतात म्हणून ही पायरी गाळली जाते. वास्तविक ओळखीमुळेच नंतर प्रश्न विचारणे अवघड होते, म्हणून तिथे ती अधिक काटेकोरपणे पाळावी.

चौथी पायरी: प्रशिक्षक घडवणे

मान्यताप्राप्त संघटनेचा प्रशिक्षक अभ्यासक्रम उपलब्ध असेल तर क्लबाने निदान दोन जणांना खर्च देऊन पाठवावे. मात्र दोन दिवसांच्या वर्गातून प्रमाणपत्र घेऊन आलेला माणूस लगेच शिकवू शकेल या भ्रमात राहू नये. खरे शिक्षण काठावरच होते आणि त्याला क्रम लागतो.

पहिल्या दोन-तीन सत्रांत नव्या स्वयंसेवकाने काहीही शिकवू नये. त्याला एक वही द्यावी आणि एकच मूल नेमून द्यावे. दहा मिनिटे फक्त त्याच मुलाकडे पाहायचे आणि तीन गोष्टी लिहायच्या: डोके कुठे आहे, श्वास कधी आणि कसा घेतला जातो, आणि कंबर पाण्याच्या पातळीच्या किती खाली आहे. सुरुवातीला वहीत “पाय नीट मारत नाही”, “हात वाकडा” असले निकाल लिहिले जातात. अनुभवी प्रशिक्षकाने शेजारी बसून विचारावे, “हे तुम्हाला दिसले, की वाटले?” दोन सत्रांत नोंदी बदलतात आणि “श्वास घेताना नजर समोरच्या भिंतीकडे जाते” अशी वाक्ये येऊ लागतात. या टप्प्यावर माणूस पाहायला शिकला असे समजावे.

पाहण्यावर एवढा भर का, हे एका नेहमीच्या प्रसंगावरून कळेल. दहा वर्षांची एक मुलगी फ्रीस्टाइल, म्हणजे पालथे राहून आळीपाळीने हात मारत, पोहते आहे. सात-आठ मीटरपर्यंत ठीक जाते, मग कंबर खाली जाऊ लागते, पाय बुडतात आणि ती लेनची दोरी धरते. नवा स्वयंसेवक काठावरून ओरडतो, “पाय जोरात मार!” ती बिचारी जोर लावते, मांड्यांचे मोठे स्नायू आणखी प्राणवायू खातात आणि पुढच्या फेरीत ती सहाव्याच मीटरला थांबते. दोष पायांत दिसतो, पण त्याचे मूळ श्वासात आहे. पाण्यात तोंड असताना ती श्वास रोखून धरते, त्यामुळे वर आल्यावर तिला आधी सोडावा आणि मग घ्यावा लागतो. एवढे करायला वेळ पुरत नाही म्हणून ती डोके पुढच्या बाजूला उचलते. डोके वर गेले की पाण्यात आडवे असलेले शरीर तिरके होते आणि कंबर खाली जाते. तेव्हा उपाय असा: आधी भिंत धरून पाण्यात तोंड घालून सावकाश बुडबुडे सोडायला लावावे, निम्मी हवा नाकातून गेली पाहिजे. मग एका हाताने किकबोर्ड (तरंगणारी हलकी फळी) धरून कुशीवर पाय मारत जाणे, कान पसरलेल्या दंडावर टेकलेला आणि गॉगलची एक काच पाण्यात, एक बाहेर. त्यानंतर पूर्ण फ्रीस्टाइल, पण अर्ध्याच अंतराची. या सगळ्यात पायांविषयी एक शब्दही बोलायचा नाही. कारण आणि परिणाम यांची ही साखळी ज्याला उलगडता आली, त्याला प्रशिक्षक म्हणायला हरकत नाही.

शिकवण्याचा क्रमही स्वयंसेवकांच्या मनावर ठसवावा लागतो: श्वास सोडणे, तरंगणे, उताणे तरंगणे, भिंतीला पाय देऊन सरळ सरकत जाणे, मग पाय, मग हात आणि सगळ्यात शेवटी त्यांची सांगड. नव्या प्रशिक्षकाला हात शिकवण्याची घाई असते, कारण हात मारले की पोहल्यासारखे दिसते आणि काठावरचे पालक खूश होतात. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट असते आणि वेग दुप्पट झाला तर त्याचा विरोध साधारण चौपट होतो. त्यामुळे ज्याचे शरीर पाण्यात लांब, सरळ आणि आडवे राहत नाही, त्याने हात कितीही आपटले तरी तो जागच्या जागी दमतो. तळहातावर तळहात, दंड कानांना लागलेले आणि नजर तळाकडे, अशा स्थितीत भिंतीपासून पाच मीटर नुसते सरकता येईपर्यंत पुढे जाऊ नये, असा नियमच करावा.

पाहणे जमल्यावर बोलणे शिकवावे. एका फेरीला एकाच मुलाला एकच सूचना, ती सहा-सात शब्दांत आणि काय करायचे ते सांगणारी. “डोके वर काढू नको” याऐवजी “तळावरची रेघ बघत ये” म्हटले की मुलाला करायला काहीतरी मिळते. पाण्यात असलेल्या मुलाला ऐकू येत नाही, तेव्हा लांबून ओरडण्याऐवजी ते भिंतीला लागल्यावर खाली बसून, डोळ्यांच्या पातळीवर येऊन बोलावे. स्वतः कोरड्यावर कृती करून दाखवावी. मुलांना उन्हाकडे पाठ करून उभे करावे आणि आपण पाण्याकडे पाठ कधीही करू नये. ही शेवटची सवय लागेपर्यंत कोणालाही एकट्याने गट देऊ नये.

पुढचा टप्पा जबाबदारीचा. आधी फक्त पाच मिनिटांचे अंग मोकळे करणे, मग पंधरा मिनिटांचा एक भाग, मग अनुभवी प्रशिक्षकाच्या नजरेखाली पूर्ण गट आणि अखेरीस पूर्ण सत्र. प्रत्येक टप्प्यानंतर पाच मिनिटे बोलणे व्हावे आणि ते त्याच संध्याकाळी, मुले गेल्यावर. आधी त्यालाच विचारावे की काय जमले, काय निसटले; मग आपण एक चांगली आणि एक सुधारण्याची गोष्ट सांगावी. यादीभर चुका ऐकलेला स्वयंसेवक पुढच्या आठवड्यात “थोडे काम निघाले” असा निरोप पाठवतो. साधारण दहा-बारा आठवड्यांत बहुतेक जण स्वतंत्र गट घेण्याजोगे होतात. काही होत नाहीत, आणि त्यांना हजेरी किंवा स्पर्धेच्या नियोजनाकडे सन्मानाने वळवण्याचे धैर्य समितीपाशी असले पाहिजे.

पाचवी पायरी: सुरक्षितता

बुडणारे मूल हात हलवून हाका मारते, हा समज सर्वप्रथम मोडावा लागतो. प्रत्यक्षात ते बहुधा उभ्या स्थितीत, डोके मागे टाकून, तोंड पाण्याच्या पातळीवर खालीवर होत, आवाज न करता बुडते. श्वास घ्यायलाच वेळ नसतो, तिथे हाक कुठून मारणार? म्हणून जीवरक्षकाने आपला भाग दहा सेकंदांत नजरेखालून घालावा आणि पुढच्या वीस सेकंदांत त्यातल्या कोणत्याही जागी पोचता यावे, असा बऱ्याच ठिकाणी वापरला जाणारा निकष क्लबानेही धरावा. तो पाळता येत नसेल तर जीवरक्षक कमी आहेत किंवा चुकीच्या जागी उभे आहेत. प्रशिक्षकाने शिकवत असताना जीवरक्षकाचेही काम करू नये.

प्रत्येक स्वयंसेवकाला काठी, दोरी किंवा फ्लोट टाकून बचाव करता आला पाहिजे; पाण्यात उडी हा शेवटचा पर्याय. हृदय-श्वसन पुनरुज्जीवन म्हणजे सीपीआर मान्यताप्राप्त प्रशिक्षकाकडून शिकून घ्यावे आणि दर वर्षी त्याची उजळणी करावी. बुडालेल्या व्यक्तीत मूळ अडचण प्राणवायूची असते, त्यामुळे नुसती छाती दाबून भागत नाही. सुरुवात श्वास देऊन करायची (काही अभ्यासक्रमांत दोन, काहींत पाच) आणि मग ३० दाबांमागे २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० या गतीने. पाणी काढण्यासाठी पोट दाबणे किंवा मुलाला उलटे धरणे सर्वस्वी चुकीचे आहे. त्यात मोलाचे क्षण जातात आणि ओकारी फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. गावात रुग्णवाहिका पोचायला वेळ लागतो, हे गृहीत धरून फोन कोण करणार, फाटक कोण उघडणार, बाकीच्या मुलांना बाहेर काढून कुठे बसवणार, हे भिंतीवर लिहून ठेवावे आणि हंगामात निदान दोनदा त्याची रंगीत तालीम घ्यावी, त्यांपैकी एकदा आगाऊ न सांगता.

दोन गोष्टींवर सरसकट बंदी असावी. एक, पाण्याखाली जास्तीत जास्त वेळ दम धरण्याच्या पैजा. भराभर खोल श्वास घेतल्यावर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घेण्याची ओढ उशिरा जाणवते आणि मूल पाण्याखालीच बेशुद्ध होऊ शकते; चांगले पोहणारेच याला अधिक बळी पडतात. दुसरी, उथळ पाण्यात डोक्याने सूर मारणे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार स्टार्टिंग ब्लॉक (शर्यतीत सूर मारण्यासाठीचा काठावरचा चौथरा) असलेल्या टोकाला भिंतीपासून १ ते ६ मीटरच्या पट्ट्यात किमान १.३५ मीटर खोली लागते आणि तीही शिकलेल्या जलतरणपटूंसाठी. नवशिक्यांना सूर शिकवायला त्याहून पुष्कळ खोल पाणी घ्यावे, नाहीतर पाण्यातून, भिंत ढकलूनच सुरुवात करू द्यावी. उघड्या तलावावर ढगांचा गडगडाट ऐकू आला तर सगळ्यांनी बाहेर यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उतरू नये.

सहावी पायरी: मुलांचे संरक्षण

पोहण्यात कपडे कमी, स्पर्श स्वाभाविक आणि कपडे बदलण्याची खोली बंद, त्यामुळे नियम आधीच लिहिलेले असावेत. कोणताही मोठा माणूस एका मुलासोबत इतरांच्या नजरेआड एकटा राहणार नाही. मोठे आणि मुले एकाच वेळी कपडे बदलणार नाहीत. तिथे मोबाइल बाहेर काढायचा नाही. आधार देण्यासाठी हात लावायचा असेल तर आधी सांगायचे, विचारायचे आणि सर्वांना दिसेल असा लावायचा. मुलांना व्यक्तिगत संदेश नाहीत. सगळे निरोप पालकांच्या गटावर. फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही टाकायचे नाहीत. तक्रार ऐकण्यासाठी प्रशिक्षक नसलेली एक व्यक्ती नेमून तिचे नाव आणि क्रमांक फलकावर लावावा. हे नियम क्लबातल्या सर्वांत ज्येष्ठ आणि आदरणीय व्यक्तीलाही लागू असतात, हे पहिल्याच बैठकीत तिच्याच तोंडून वदवून घ्यावे.

सातवी पायरी: तासाची आखणी

तीन लेन आणि साठ मिनिटे, ही लहान क्लबाची नेहमीची चौकट. पाच मिनिटे हजेरी आणि काठावर अंग मोकळे करणे, दहा मिनिटे सोप्या फेऱ्या, वीस मिनिटे त्या दिवसाचे एकच कौशल्य, पंधरा मिनिटे त्याच कौशल्याचा वापर असलेला मुख्य सराव, पाच मिनिटे खेळ किंवा रिले आणि पाच मिनिटे सावकाश पोहून बाहेर. लेनमध्ये एका बाजूने जायचे आणि दुसऱ्या बाजूने परतायचे, वेगवान मूल पुढे, प्रत्येकात पाच ते दहा सेकंदांचे अंतर, आणि थांबायचे तर भिंतीच्या कोपऱ्यात. एवढी शिस्त लागली की एका लेनमध्ये सहा मुले आरामात पोहतात. लहान मुलांना थंडी लवकर वाजते. ओठ निळसर दिसले की सत्र संपण्याची वाट न बघता त्यांना बाहेर काढून टॉवेलमध्ये गुंडाळावे.

सत्र चांगले झाले की नाही हे तपासायची एक उपयुक्त युक्ती आहे. एका मदतनीसाने स्टॉपवॉच घेऊन कोणतेही एक मूल निवडावे आणि दहा मिनिटांत ते प्रत्यक्ष किती वेळ हालचाल करते ते मोजावे. पाच मिनिटांहून कमी भरले तर प्रशिक्षक जास्त बोलतो आहे किंवा रांग जास्त लांब आहे. आकडा समोर ठेवला की वाद उरत नाही.

आठवी पायरी: वाढ आणि गळती

नोंदणीपेक्षा गळतीकडे अधिक लक्ष द्यावे. मुले बारा ते पंधरा या वयात सर्वाधिक सुटतात: अभ्यास वाढतो, शरीर बदलते, आणि वेळ सुधारणे मंदावते. या मुलांना केवळ फेऱ्या मारायला लावून टिकवता येत नाही. त्यांना बचाव कौशल्ये, वॉटर पोलोचे खेळ, लहानांच्या गटात मदत आणि स्वतःच्या मागच्या वेळेशी स्पर्धा असे निरनिराळे पर्याय हवेत. मुलींना मासिक पाळीच्या दिवसांत काठावरचे काम कारण न विचारता मिळावे आणि पोशाखाबाबत सुरक्षित असेल ती मोकळीक असावी. दूरच्या वस्तीवरची मुले गळतात ती बहुधा वाहनाअभावी. पालकांच्या गाड्यांचे वेळापत्रक बनवणे हे कंटाळवाणे काम एखाद्याने अंगावर घेतले तर त्याने पाच-दहा मुले वाचवलेली असतात.

दर सहा ते आठ आठवड्यांनी क्लबांतर्गत स्पर्धा घ्यावी. प्रत्येक लेनला शक्य तर दोन वेळनोंदक, एक सुरुवात करून देणारा आणि वळणे पाहणारा एक जण, एवढ्यावर ती पार पडते. नियम मात्र पहिल्यापासून खरे असावेत: ब्रेस्टस्ट्रोक (बेडकासारखे पोहणे) आणि बटरफ्लायमध्ये (दोन्ही हात एकदम पाण्यावरून पुढे टाकत पोहणे) वळताना आणि संपवताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत, फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक (उताणे पोहणे) आणि बटरफ्लायमध्ये सुरुवातीनंतर आणि वळणानंतर १५ मीटरपर्यंतच पूर्ण पाण्याखाली राहता येते, वैयक्तिक मेडलेचा, म्हणजे एकानेच चारही प्रकार पोहण्याच्या शर्यतीचा, क्रम बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, फ्रीस्टाइल असा असतो. बॅकस्ट्रोकच्या पताका भिंतीपासून ५ मीटरवर बांधाव्यात, म्हणजे मुलांना भिंत येण्याआधी हात मोजता येतात आणि डोके आपटत नाही. बक्षीस देताना पहिल्या तिघांसोबत स्वतःची वेळ सर्वाधिक सुधारणाऱ्याचेही नाव पुकारावे.

पैशांबाबत थोडक्यात: क्लबाचे स्वतंत्र खाते असावे, दोन सह्यांशिवाय रक्कम निघू नये आणि जमाखर्च दर तिमाहीला पालकांसमोर यावा. शुल्क न परवडणाऱ्या मुलांसाठी काही जागा राखाव्यात, पण त्या मुलांची नावे खजिनदाराखेरीज कोणाला कळू नयेत. प्रवासखर्च, शिट्टी, टोपी आणि अभ्यासक्रमाचे शुल्क यांसाठी स्वयंसेवकांना पदरमोड करायला लावू नये.

स्वयंसेवक टिकवण्याचे सूत्र तसे साधे आहे: ठरलेल्या वेळेत सोडणे, दहा आठवड्यांनी सुट्टी देणे, पालकांच्या तक्रारी थेट त्याच्यावर येऊ न देणे आणि त्याला शिकायला काहीतरी नवे देत राहणे. खरा साठा मात्र क्लबातल्याच मोठ्या मुलांचा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना सहायक म्हणून जोडावे, वही द्यावी, पाहायला शिकवावे. लहान मुले त्यांचे चटकन ऐकतात. मात्र सज्ञान होईपर्यंत त्यांना प्रशिक्षकांच्या प्रमाणात धरू नये आणि जीवरक्षकाच्या जागी उभे करू नये. सतरा-अठराव्या वर्षी यांतले बरेच जण शिक्षणासाठी गाव सोडतील, हे धरूनच चालावे. म्हणून दर वर्षी त्यांच्या मागची दोन-तीन मुले रांगेत तयार हवीत, आणि जाणाऱ्याने आपल्या गटाची वही पुढच्याच्या हाती देऊन दोन सत्रे तरी त्याच्यासोबत काठावर काढावीत, म्हणजे कोणते मूल अजून खोल भागाला भिते आणि कोणाला डाव्या बाजूने श्वास घ्यायला लावायचे राहिले आहे, हे त्याच्याबरोबर निघून जाणार नाही.